घरात साडेपाच वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांची आजी: कोणता कुत्रा आणावा?

पारिजातक

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो, सातवा मजला, टू बीएचके. घरात मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा साडेपाच आणि सासूबाई ७४ वर्षांच्या. मुलगी दोन वर्षं कुत्रा मागतेय. यंदा तिने स्वतः वही केली आहे, त्यात सकाळी कोण फिरवणार, कोण पाणी भरणार, सगळं लिहून ठेवलंय. आता नाही म्हणवत नाही.

अडचण अशी की सासूबाईंना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही. मुलगा म्हणजे नुसता वारा. धावताना पायाखाली काय आहे ते बघत नाही. आम्ही दोघं नोकरीला, नवऱ्याची शिफ्ट बदलती. सकाळी ९ ते दुपारी ४ घरात फक्त सासूबाई. मे महिन्यात तीन आठवडे देवगडला जातो.

म्हणून दिसायला कोणता गोड, हा माझा प्रश्नच नाही. सहन कोण करेल आणि चावणार कोण नाही, ते सांगा. नवऱ्याच्या मनात बीगल आहे, शेजारी शिह त्झू म्हणतात, बाकी सगळं जग लॅब्रेडोर म्हणतं. चांगले अनुभव सांगाच, पण वाईटही सांगा.

गिरगावकर

लॅब. डोळे झाकून. आमचा १२ वर्षं होता, चाळीतली सगळी पोरं त्याच्या अंगावर लोळायची, कधी दात दाखवला नाही. केस गळतात आणि खाण्यावर ताबा ठेवावा लागतो, एवढंच.

हिरवाचाफा

गिरगावकर, राग मानू नका, पण डोळे झाकून कोणताच कुत्रा आणू नये. हे मी लॅबवाली म्हणूनच सांगतेय.

आमचा लॅब तीन वर्षांचा असताना माझ्या भाच्याला चावला. भाचा तेव्हा ४ वर्षांचा. कुत्रा पलंगाखाली हाड चघळत पडला होता आणि भाचा रांगत आत गेला. गालावर तीन टाके पडले. त्या दिवशी सगळे म्हणाले, 'अचानक चावला.' अचानक नव्हतं. त्याआधी दोन-तीन महिने तो जेवत असताना कोणी जवळून गेलं की अंग ताठ करायचा, मान वाडग्यावर आणखी खाली घालायचा. गुरगुरला की आम्ही ओरडायचो, एकदा वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारलंही. मग त्याने गुरगुरणं सोडलं. आम्हाला वाटलं, सुधारला. खरं म्हणजे त्याची बोलायची वाटच आम्ही बंद केली होती. न बोलता थेट दात लावणं एवढंच त्याच्या हातात उरलं.

कुत्रा गुरगुरला तर त्याला गप्प करू नका. मुलाला उचला, बाजूला व्हा आणि तो कशासाठी गुरगुरला ते शोधा. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझ्या बहिणीच्या घरी ती रात्र आली नसती.

दुपारचीझोप

बाप रे. भाचा आता बरा आहे ना?

हिरवाचाफा

हो, बरा आहे. कुत्र्यांवर अजून जीव आहे त्याचा.

प्राणीडॉक्टर

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पारिजातक, तुम्ही माहिती फार नेमकी दिली आहे, त्यामुळे सांगणं सोपं झालं.

जातीवरून तुम्हाला अंगकाठी, केस, ताकद आणि तो कुत्रा मूळ कोणत्या कामासाठी पैदा केला गेला, हे कळतं. स्वभावाचा अंदाज येतो, हमी मिळत नाही. एकाच आईची दोन पिल्लं दोन टोकांची निघालेली मी बघतो.

बीगल वासावर माग काढणारा शिकारी कुत्रा आहे. लांब अंतरावरून मालकाला ऐकू जावं म्हणून त्याचा गळा तसा घडला आहे. मुलांशी बहुतेक छान राहतो, पण दिवसभर ७ तास बसून राहिला तर तो हेल काढून रडेल आणि आजूबाजूचे मजले तुमच्या दाराशी येतील. त्याला रोज भरपूर चालणं आणि हुंगणं लागतं. ते जमणार असेल तरच.

शिह त्झू, पग ही चपट्या नाकाची मंडळी. पग घोरतो ते ऐकून लोक हसतात, पण ती श्वासाची अडचण असते. कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि मुंबईच्या एप्रिल-मेच्या दमट हवेत ते आधीच कठीण. त्यात नाक चपटं असेल तर दुपारचा एक जिना जीवावर बेततो. शिह त्झूचे केसही रोज विंचरावे लागतात, नाहीतर गुंता होऊन कातडीला जखमा होतात.

लॅब स्वभावाने बहुतेक उत्तम. पण वाढलेला लॅब २५ ते ३५ किलोचा असतो आणि पहिली दोन वर्षं त्याला स्वतःच्या वजनाची कल्पना नसते. प्रेमाने अंगावर झेपावला तरी आजी पडतील. तुम्ही चाव्याची काळजी करताय ती बरोबर आहे, पण आजींच्या बाबतीत मला चाव्यापेक्षा पडण्याची भीती जास्त वाटते. या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला तर प्रकरण गंभीर होतं.

आणि हेच पिल्लाच्या बाबतीतही. कोणत्याही जातीचं पिल्लू सुईसारखे दात घेऊन येतं. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येतात, तोवर ते दिसेल ते चावतं. हात, पाय, साडीचा काठ. यात राग नसतो, पण ओरखडे रोज निघतील. दिवसभर पायात घोटाळणारं पिल्लू आणि घरात एकट्या आजी, ही जोडी मला पटत नाही. तुमच्या घराला मी पिल्लू सुचवणार नाही. दोन ते पाच वर्षांचा, स्वभाव कळून चुकलेला, मध्यम अंगाचा कुत्रा शोधा.

पारिजातक

डॉक्टर, पडण्याचा विचार मी केलाच नव्हता. वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं सांगितलंत. एक मात्र वाटतं. पिल्लापासून वाढवलं तर ते मुलांना 'आपलं' मानतं, मोठा कुत्रा तसा मानेल का?

प्राणीडॉक्टर

मानतो. काही आठवड्यांत रुळतो, काहींना तीन-चार महिने लागतात. मात्र साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याने काय पाहिलं, याचा ठसा जन्मभर राहतो. त्या काळात माणसांचे प्रेमळ हात, लहान मुलं, मिक्सर, लिफ्ट हे सगळं भेटलं असेल तर तो पुढे जगाला घाबरत नाही. घाबरणारा कुत्रा जास्त चावतो, हे लक्षात ठेवा. पुष्कळ लोक दांडगट कुत्र्याला भितात आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्याला 'बिचारा शांत आहे' म्हणून घरी आणतात.

पुढेमागे कोणी पिल्लू घेणार असेल तर त्याची आई बघा. आई समोर आणत नाहीत तिथून पिल्लू घेऊ नका. आई परक्या माणसाजवळ येऊन हात हुंगत असेल तर निम्मं काम झालं. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य पशु कल्याण मंडळाची नोंदणी हवी. ३०-३५ दिवसांचं पिल्लू 'लवकर माया लावतं' म्हणून हातात देतात, त्याला भावंडांनी 'इतकं जोरात चावू नको' हे अजून शिकवलेलं नसतं.

नवागत_ठाणे

रॉटवायलर, पिटबुल यांवर बंदी आहे ना? मग बाकीचे सगळे सुरक्षितच म्हणायचे.

प्राणीडॉक्टर

मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना २३ जातींबद्दल पत्र पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केलं. यादी काहीही असो, 'बाकीचे सुरक्षित' असा अर्थ निघत नाही. मोठ्या जबड्याची इजा मोठी असते, हे खरं. चावायचं कारण मात्र छोट्या कुत्र्यालाही तेवढंच असतं.

डोंबिवलीची_काकू

पारिजातक, आता माझं ऐक. देशी आण.

आमची चिंगी तीन वर्षांची असताना आणली. तिला ज्यांनी तात्पुरतं सांभाळलं होतं त्यांच्या घरी मी चार वेळा गेले. पहिल्यांदा एकटी. दुसऱ्यांदा नातवाला घेऊन. तिसऱ्यांदा मुद्दाम संध्याकाळी, सगळं घर जागं आणि गडबडीत असताना. चौथ्यांदा तिला खाली फिरवायला मीच नेली, रिक्षा, फटफटी, इतर कुत्रे, सगळ्यातून. एकदा भेटून आवडलं म्हणून कुत्रा घरी आणू नये, मुलगी बघायला गेलो तरी आपण पुन्हा चौकशी करतोच की.

एक गोष्ट मी केली ती सांगते. स्वयंपाकघरात स्टीलचं ताट मुद्दाम हातातून सोडलं. चिंगी दचकली, दाराआड गेली. मी मनात मोजत होते. विसाव्या आकड्याला ती परत आली आणि ताट हुंगून बघितलं. तेव्हाच मी ठरवलं, हीच. दचकेल तर कोणीही. सावरायला किती वेळ लागतो ते बघायचं. आमच्याकडे हातातून ताट रोज पडतं.

देशी कुत्र्यांचे केस आखूड, मुंबईची हवा सोसते, खाण्याची कटकट नाही. खोटं मात्र सांगणार नाही. परक्या माणसावर ती पटकन विश्वास टाकत नाही, बेल वाजली की भुंकतेच. आणि रस्त्यावर मोकळं वाढलेलं प्रत्येक कुत्रं फ्लॅटमध्ये सुखी होत नाही. काही जण दाराकडे बघत बसतात, अन्न सोडतात. त्यांना बाहेरच राहू द्यावं, खायला घालावं, नसबंदी आणि लस करून द्यावी. तू आण ती आधी कुणाच्या तरी घरात राहिलेली आण.

प्राणीडॉक्टर

काकूंची ताटाची परीक्षा मला पूर्ण मान्य. यात एक भर घालतो: त्याच्या वाडग्यात हात घालून किंवा जेवण मध्येच काढून घेऊन 'सहनशक्ती' तपासू नका. पुष्कळ जण तसं करायला सांगतात. ताटातून उचलून नेणाऱ्या माणसावर कोणाचाच भरवसा बसत नाही. दोन-तीन हातांवरून चालत जा, जाताना चिकनचा एक तुकडा टाका, आणि तो मान वर करून तुमच्याकडे बघतो की अंग ताठ करून भराभर गिळतो, ते पाहा. गिळत असेल तर लहान मुलांच्या घरी तो नको.

लालबागची_लेक

आवाजाचं विसरू नका. आमचा कुत्रा एरवी देवमाणूस, पण गणपतीत ढोल सुरू झाले की बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन थरथरतो. दिवाळीत तीन दिवस धड जेवत नाही. त्या वेळी कोणी ओढून बाहेर काढलं तर तोही चावू शकतो, म्हणून आमच्या घरी नियम आहे, बाथरूममध्ये गेला की त्याला हात लावायचा नाही. ज्यांच्याकडून आणाल त्यांना स्पष्ट विचारा, मागच्या दिवाळीत हा कुठे होता आणि काय करत होता?

सकाळचीशाळा

मी पहिली-दुसरीला शिकवते. साडेपाच वर्षांच्या मुलाला 'कुत्र्याला त्रास देऊ नको' म्हणून काही कळत नाही. त्याला करून दाखवावं लागतं.

माझ्या वर्गात मी 'स्टॅच्यू' शिकवते. मुलं खेळतात तेच. कुत्रा अंगावर आला, भुंकला, जोरात धावत आला की स्टॅच्यू. हात छातीशी, तोंड बंद, नजर आपल्या पायांवर. पळालं की त्याला पाठलाग करावासा वाटतो, पुतळ्यात त्याला काही मजा नसते. घरी रोज दोनदा खेळून घ्या, कुत्रा यायच्या आधीपासून.

आणि मुलीला कुत्र्याचं 'नको' वाचायला शिकवा, ९ वर्षांची आहे, पटकन शिकेल. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं. शेपूट हलतेय म्हणजे खूश, असं नेहमी नसतं. ताठ, उंच धरून थोडीशीच हलणारी शेपूट वेगळं सांगते. मिठी मारणं मुलांना फार आवडतं आणि बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. फोटोसाठी गळ्यात हात टाकलेली मुलं बघते तेव्हा मी आधी कुत्र्याचे डोळे बघते.

जुना_सेक्रेटरी

सोसायटीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १४ वर्षं सेक्रेटरी होतो. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, सर्वसाधारण सभेत ठराव करूनही नाही. लिफ्ट वापरू न देणंही बसत नाही. मात्र पट्टा लावणं, घाण स्वतः उचलणं, शेजाऱ्यांना त्रास होऊ न देणं ही जबाबदारी मालकाची. मी स्वतः दोन भांडणं मिटवली ती कागद दाखवून नाही, मालकाला रोज सकाळी कागद आणि पिशवी घेऊन फिरताना लोकांनी पाहिलं म्हणून मिटली.

महापालिकेचा परवाना घ्या. मुंबईत तो १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार लागतो, रेबीज लसीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, दरवर्षी नूतनीकरण. अर्ज ऑनलाइन होतो.

गिरगावकर

देवगडचं काय करणार ताई? आम्ही लॅबला घेऊन कोकणात जायचो. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचं पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावं लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. पेटीत मी एकदाच नेला, पुन्हा नाही. त्यानंतर गाडी करूनच गेलो, पहाटे ३ ला निघायचं म्हणजे ऊन चढायच्या आत घाट उतरतो.

आणि वर हिरवाचाफा ताईंनी लिहिलं ते वाचून दोन दिवस विचार करत होतो. आमचा कुत्रा जेवायचा तेव्हा आई कोणालाही तिकडे फिरकू द्यायची नाही. कुत्रा गुणी होता, पण आईचंही श्रेय होतं ते. मी ते धरलंच नव्हतं.

प्राणीडॉक्टर

शेवटच्या दोन गोष्टी, कारण घरात मूल आहे.

दात लागलाच, घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस ठरलेल्या दिवसांनीच पूर्ण करायची असते आणि रक्त आलेलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून इथे चालढकल नाही. आजींना दात किंवा नख लागलं तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगा.

कुत्र्याला रेबीजबरोबर लेप्टोची लसही द्या. पावसाळ्यात मुंबईत साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं, त्यातून तो आजार कुत्र्याला होतो आणि माणसालाही. आणि स्वयंपाकघरातला कांदा, मनुका-बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. मुलाच्या हातातल्या शिऱ्यातला बेदाणा खाली पडतो तो कोण उचलतं, तेवढं बघा.

पारिजातक

सात आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं वाचून आम्ही पिल्लाचा विचार सोडला. नवऱ्याला बीगल सोडणं जड गेलं, पण तो स्वतःच म्हणाला की ७ तास रडणारा जीव मला बघवणार नाही.

ठाण्यात एका कुटुंबाने आठ महिने सांभाळलेली देशी कुत्री मिळाली. अंदाजे ४ वर्षांची, १६ किलो, बदामी रंग, एक कान पडलेला. त्यांच्या घरी दोन मुलं होती. काकू, आम्ही पाच वेळा गेलो. ताटही पाडलं. ती दचकली, मग माझ्या मुलीकडे बघत बसली आणि आली. मागच्या दिवाळीबद्दल विचारलं, तर पलंगाखाली होती पण जेवत होती, असं म्हणाले. त्यांनीच सुचवलं की पंधरा दिवस घेऊन जा, नाही जमलं तर निःसंकोच परत आणा.

सासूबाईंचा आधी विरोध होता, सोवळ्याचं काय म्हणून. मग एका गुरुवारी पोथी वाचून उठल्या आणि म्हणाल्या, दत्ताच्या पायाशी चार बसतात, आपल्या दारात एक बसली तर बसू दे. देवघराची खोली तेवढी वर्ज्य. कुत्रीला ते चार दिवसांत कळलं. उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथेच पाय पसरते.

एक प्रसंग लिहायलाच हवा. तिसऱ्या रात्री ती पॅसेजमध्ये झोपली होती आणि मुलगा तिच्यावरून उडी मारून बाथरूमला निघाला. ती गुरगुरली. माझे हातपाय गार पडले. मुलगा मात्र जागच्या जागी स्टॅच्यू झाला, अगदी नजर पायांवर. मला ओरडायचं होतं, हिरवाचाफा, तुमचं आठवलं आणि ओरडले नाही. त्याला उचललं, तिला तिथेच पडू दिलं. सकाळी तिची गादी पॅसेजमधून उचलून शिलाई मशीनच्या बाजूच्या कोपऱ्यात टाकली, तिथून कोणाची ये-जा नाही. पॅसेजमध्ये रात्री छोटा दिवा लावतो, म्हणजे सासूबाईंनाही दिसतं. त्यानंतर एकदाही गुरगुरली नाही. पण मुलगा आणि ती दोघंच खोलीत, असं आम्ही अजून ठेवत नाही. सासूबाईंजवळ दुपारी ती पट्ट्याशिवाय असते, मध्ये एक जाळीचं दार बसवून घेतलंय. दोघी एकमेकींना दिसतात, पायात मात्र येत नाही.

मे महिन्यात यंदा नवरा आणि ती इथेच राहणार, आम्ही चौघं देवगडला. परवान्याचा अर्ज केला. लेप्टोचा दुसरा डोस पुढच्या शनिवारी. नाव मुलीने ठेवलं, शेवंता.

डोंबिवलीची_काकू

शेवंता! फोटो टाक गं. पडलेला कान दिसू दे.

हिरवाचाफा

गादी हलवलीत ना, ते वाचून मी उठून पाणी प्यायले. भाच्यालाही वाचून दाखवलं. तो आता १५ वर्षांचा आहे. म्हणाला, त्या मुलाला सांग, मस्त स्टॅच्यू केलास.